थायरॉइडचे विकार (बेळगाव सीमाभाग)

थायरॉइड किंवा अवटू ही मानेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगलेली ग्रंथी. तिची टी-३ व टी-४ संप्रेरके हृदयाची गती, शरीराची ऊब, मासिक पाळी आणि बाळाच्या मेंदूची वाढ सांभाळतात. ती कमी पडली तर हायपोथायरॉइडिझम, जास्त झाली तर हायपरथायरॉइडिझम. ग्रंथीच फुगली तर गलगंड. गळा सपाट दिसतो म्हणून ग्रंथी ठीक आहे, असे मात्र समजू नये.

खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीचा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. ग्रंथीला संप्रेरके बनवायला आयोडीन लागते; इथला मुसळधार पाऊस मातीतले हे आयोडीन धुऊन नेतो आणि तिथे पिकणाऱ्या भातातही ते कमी उतरते. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठात कारखान्यात दशलक्ष भागांमागे ३० आणि घरी पोचेपर्यंत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. लोणच्यासाठी आणलेले साधे खडे मीठ रोजच्या आमटीतही पडू लागले, तर हा हिशेब चुकतो. शिवाय सगळा दोष मिठाचा नसतो. हाशिमोटो विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. मीठ बदलून तो बरा होत नाही.

निदान रखडते ते लक्षणे साधी वाटतात म्हणून. अंग जड पडणे, केस गळणे, वजन वाढणे, थंडी सोसवेनाशी होणे, पाळी बिघडणे. घरात याला ‘कामाचा शीण’ म्हणतात, नाहीतर ‘वय झालं’. रक्तातली टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासणी हा घोळ सोडवते: ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी टीएसएच वाढवून तिला ढोसते, त्यामुळे हा आकडा बहुधा आधी चढतो. गरोदरपणी ही तपासणी लवकर हवी, कारण पहिल्या तिमाहीत गर्भ आईच्याच संप्रेरकावर असतो. जन्मजात विकार असलेले बाळ बहुतेकदा चांगले गुटगुटीत दिसते. म्हणून जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले, तर मतिमंदत्व टाळता येते.

सीमाभागात रक्त बेळगावात आणि डॉक्टर कोल्हापूर-मिरजेचे, असेही चालते. प्रयोगशाळेनुसार सामान्य मर्यादा थोड्या बदलतात. म्हणून जुने रिपोर्ट सोबत न्यावेत, शक्यतो एकाच ठिकाणी तपासावे. लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेले संप्रेरक भरून काढणारी, गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवायचे. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा टीएसएच पाहून डॉक्टर ठरवतात.