ग्रहणांच्या यादीत राजाचा खून

७ सप्टेंबर २०२५ची रात्र. गच्चीवर आम्ही आठ-दहा जण ढग सरकण्याची वाट बघत होतो. अकरा वाजून गेल्यावर फट मिळाली आणि तांब्याच्या रंगाचा चंद्र दिसला. खग्रास ग्रहण! शेजारची मुलं ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ओरडत होती आणि कुणाच्या तरी मोबाइलवर संदेश आला होता की ग्रहणं राजांना भोवतात, इराणच्या दरायसचं साम्राज्यसुद्धा ग्रहणानेच बुडवलं.

दरायसच्या पराभवाआधी ग्रहण लागलं होतं, हे खरं आहे. त्याकडे येईनच. पण ग्रहण आणि राजे यांचं खरं नातं मला दिसतं ते ब्रिटिश म्युझियममधल्या एका मातीच्या पाटीवर. पाटी बॅबिलॉनची, लिपी कीलाकार. वर चंद्रग्रहणांच्या नोंदी आहेत, १८-१८ वर्षांच्या गटांत मांडलेल्या. आणि त्या नोंदींच्या मध्येच एक ओळ येते: झर्क्सीझला त्याच्या मुलाने मारलं.

हा झर्क्सीझ म्हणजे ग्रीसवर चालून गेलेला इराणचा हखामनी सम्राट; बॅबिलॉन त्याच्याच साम्राज्यात होतं. त्याच्या खुनाच्या ग्रीक हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. बहुतेक जण अंगरक्षकांचा प्रमुख आर्टाबेनस याला खुनी ठरवतात. त्याने आळ थोरल्या राजपुत्रावर घातला, धाकट्या आर्टाझर्क्सीझने भावाला मारलं आणि मग आर्टाबेनसलाही संपवलं, अशी ती गोष्ट. ॲरिस्टॉटल मात्र सांगतो की राजपुत्र आधी मेला आणि राजा नंतर. बॅबिलॉनचा लेखनिक थेट मुलालाच खुनी ठरवतो. पण ग्रहणांच्या यादीत खुनाचं काम काय?

त्यासाठी आधी ग्रहणाचं चक्र समजून घेऊ. पौर्णिमा दर महिन्याला येते, ग्रहण मात्र दर महिन्याला लागत नाही, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे पात. आपल्या ज्योतिर्गणितातले राहू-केतू ते हेच. ते छेदनबिंदू आहेत, त्यांना डोकं नाही, धड नाही आणि भूकही नाही. पौर्णिमेला चंद्र पाताजवळ असेल तरच ग्रहण.

म्हणजे दोन घड्याळं एकदम जुळावी लागतात. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३०५९ दिवस. एका पातापासून निघून पुन्हा त्याच पाताशी यायला २७.२१२२२ दिवस. आता गुणाकार करून बघा: पहिल्या प्रकारचे २२३ महिने होतात ६५८५.३२ दिवस, दुसऱ्या प्रकारचे २४२ महिने होतात ६५८५.३६ दिवस. फरक एका तासाहूनही कमी! त्यात भर म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येण्याचं जे २७.५५४५५ दिवसांचं चक्र आहे, त्याचे २३९ फेरे भरतात ६५८५.५४ दिवसांत. म्हणून १८ वर्षं आणि साधारण ११ दिवसांनी जवळपास तसंच ग्रहण परत येतं, चंद्रही जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. आज याला सारोस चक्र म्हणतात. बॅबिलॉनमध्ये नुसतं ‘१८ वर्षं’ म्हणत.

उरलेला ०.३२ दिवस म्हणजे सुमारे पावणेआठ तास. तेवढ्यात पृथ्वी जवळजवळ एक तृतीयांश फिरते. आम्ही पाहिलेल्या ग्रहणाचा आधीचा भाऊ २८ ऑगस्ट २००७चा. तेव्हा महाराष्ट्रात चंद्र उगवेपर्यंत ग्रहण सुटलेलंही होतं. पुढचा १९ सप्टेंबर २०४३ला येईल, तेव्हा आपल्याकडे सकाळ झालेली असेल.

हे चक्र सापडायला पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी हव्यात, आणि त्या नोंदींवर वर्ष हवं. बॅबिलॉनमध्ये वर्ष राजाच्या नावाने लिहीत. राजा गेला की मोजणी पहिल्यापासून. नव्या राजाचं पहिलं वर्ष पुढच्या वसंतातल्या नववर्षाला सुरू होई. झर्क्सीझच्या २१व्या वर्षी लागलेलं ग्रहण पुन्हा कधी? आर्टाझर्क्सीझच्या १८व्या वर्षी. कोणता राजा कधी संपला हे ठाऊक नसेल तर हे उत्तर निघतच नाही. माझ्या मते म्हणूनच खून त्या यादीत आला. त्या लेखनिकाच्या लेखी सत्तापालट म्हणजे गणितात जपून ठेवायचा सांधा होता.

त्याचा फायदा आज आपल्याला मिळतो. खुनाची नोंद अबू या साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या बॅबिलोनी महिन्यातली आहे आणि दिवसाचा आकडा पुसट झालाय. पण ती ज्या दोन ग्रहणांच्या मध्ये आहे, ती मागे गणित करून इ.स.पू. ४६५च्या जून आणि नोव्हेंबरमध्ये बसतात. म्हणजे झर्क्सीझ मेला तो त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

आता दरायस. हा तिसरा दरायस, झर्क्सीझनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी आलेला. २० सप्टेंबर ३३१ इ.स.पू.च्या संध्याकाळी चंद्रग्रहण लागलं आणि ११ दिवसांनी, १ ऑक्टोबरला, गॉगामेलाच्या मैदानात अलेक्झांडरने त्याचा पराभव केला. बॅबिलॉनच्या खगोल-रोजनिशीत ग्रहणही आहे आणि राजाला त्याचं सैन्य सोडून गेलं हेही आहे. ग्रहणावेळी गुरू मावळला होता, याचीही नोंद आहे. तिथल्या शकुनशास्त्रात गुरू दिसत असला तर राजाला अभय, नाहीतर धोका. पण तोच चंद्र बघून अलेक्झांडरच्या छावणीतल्या ॲरिस्टँडर या शकुन सांगणाऱ्याने विजयाचं भाकीत केलं. एकाच ग्रहणाचे दोन उलटे अर्थ निघत असतील तर अर्थ चंद्रात नाही. आणि या समजुतीची किंमत माणसांनी मोजली आहे. असिरियात राजावरचं ग्रहण टळावं म्हणून दुसऱ्याच कुणाला काही काळ सिंहासनावर बसवत आणि नंतर ठार करत. ग्रहण सांगता येऊ लागलं म्हणून ही प्रथा थांबली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आठ वर्षांनी, ११ जून ३२३ इ.स.पू.ला, बॅबिलॉनच्या रोजनिशीत अलेक्झांडरचा मृत्यू आला: राजा मेला, आणि ढगांमुळे आकाश दिसलं नाही. एवढंच. मागून त्याचा सावत्र भाऊ अऱ्हिडायस, मग बाळ असलेला मुलगा चौथा अलेक्झांडर. दोघांचेही खून झाले. दरम्यान सेनापती एकमेकांवर तुटून पडले आणि पाट्यांवरची वर्षं पुन्हा पुन्हा १पासून सुरू झाली.

शेवटी बॅबिलॉन त्यांतल्याच सेल्युकस या सेनापतीच्या हाती राहिलं. त्याची वर्षं इ.स.पू. ३११पासून मोजली गेली. या मोजणीच्या ३१व्या वर्षी, इ.स.पू. २८१मध्ये, त्याचाही खून झाला. बॅबिलॉनच्या राजावलीत ती नोंद आहे. गादीवर त्याचा मुलगा अँटिओकस आला. पण आपल्या शालिवाहन शकासारखी मोजणी पुढेच चालू राहिली, आणि नव्या वर्षाच्या पाट्यांवर आकडा आला ३२.