मामंजी, आत्याबाई आणि अंकल

सांस्कृतिक मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक सराव हमखास करून घेतला जातो. कोऱ्या कागदाच्या मधोमध स्वतःचं चिन्ह काढायचं, पुरुष असेल तर त्रिकोण, बाई असेल तर वर्तुळ. लग्नासाठी बरोबरचं चिन्ह, भावंडं एका आडव्या रेघेखाली, मुलं त्याखाली. आणि प्रत्येक चिन्हाशेजारी, त्या माणसाला आपण ज्या नावाने हाक मारतो तो शब्द. अर्ध्या तासात कागद भरतो.

मी हा सराव घेत होते तेव्हा सोलापूरकडची एक मुलगी अडली. तिचे वडील म्हणजे तिच्या आईचे सख्खे मामा. त्यामुळे वडिलांची आई ही तिची आजी तर होतीच, शिवाय आईच्या आईची आई, म्हणजे पणजीही होती. "मॅडम, हिला एकदा काढू की दोनदा?" असं तिने विचारलं. मला विचाराल तर या विषयाचं दार तिथेच उघडतं. नाती रक्ताने ठरतात आणि शब्द त्यांना फक्त नाव देतात, असं आपण धरून चाललेलो असतो. कागदावर उतरवायला बसलं की कळतं, आधी रिवाज असतो आणि रक्त त्यात बसवून घेतलं जातं.

हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे ओळखलं ते लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका या मूळ अमेरिकन जमातीत वावरताना त्याला दिसलं, की ते वडिलांच्या भावालाही 'वडील'च म्हणतात आणि आईच्या बहिणीला 'आई'. त्यांची मुलं म्हणजे थेट भाऊ-बहीण. मामा आणि आत्या मात्र वेगळ्या शब्दांचे धनी, आणि त्यांची मुलं भावंडांत मोडत नाहीत. मॉर्गनला आधी वाटलं ही सेनेकांची खासियत असावी. मग त्याने लांबलचक प्रश्नावली छापून जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वकिलातींना पाठवली. दक्षिण भारतातून तमिळ आणि तेलुगूची उत्तरं आली, आणि तिथेही हीच मांडणी निघाली! १८७१ साली स्मिथ्सोनियन संस्थेने त्याचा जाडजूड ग्रंथ छापला. अमेरिकेचे मूळ रहिवासी आशियातून आले याचा हा पुरावा, असं मॉर्गनने मानलं. ते आशियातून आले हे खरं, पण नात्यांच्या शब्दांवरून ते सिद्ध होतं हा तर्क चुकीचा होता. नात्याचे नियम सारखे असले की एकमेकांना कधीही न भेटलेल्या भाषाही शब्दांची सारखीच मांडणी घडवतात. पण नात्यांचे शब्द जमवून समाजाची घडण वाचता येते, ही त्याची दृष्टी टिकली.

ती दृष्टी मराठीकडे वळवून बघा. काका, मामा, मावशी, आत्या हे चार शब्द आपण कधी एकमेकांत मिसळू देत नाही. इंग्रजी मात्र दोनांत भागवते. गंमत अशी, की इंग्रजीतही पूर्वी चुलता आणि मामा यांना वेगळे शब्द होते. आजचा 'अंकल' हा लॅटिन 'अवुन्कुलस'वरून फ्रेंचमार्गे आला, आणि अवुन्कुलस म्हणजे फक्त आईचा भाऊ. म्हणजे आपली मुलं रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना जे अंकल म्हणतात, तो शब्द मुळात 'मामा' आहे.

आपण हे चौघे वेगळे ठेवतो, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. जावळ काढताना मूल बसतं ते मामाच्या मांडीवर, आणि नवरीला बोहल्याकडे घेऊन येतो तोही मामाच. काकाने हे केलं तर कायद्याने काही बिघडत नाही, पण मांडवातल्या म्हाताऱ्या बायका लगेच टोकतील.

आणि मग लग्नाचा नियम. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणं चालतं, किंबहुना पूर्वी तो हक्कच समजला जाई. आतेबहीण सहसा टाळतात. चुलत आणि मावस बहीण तर सख्ख्यासारखीच. आता जीवशास्त्राला विचारा. मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण, चौघींशी आपली जनुकं सरासरी साडेबारा टक्केच जुळतात. नात्यात लग्न केल्याने काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरं आहे, पण तो चौघींच्या बाबतीत सारखाच वाढतो. तेव्हा एकीला 'हो' आणि तिघींना 'नाही' म्हणणारा नियम शरीरातून आलेला नाही. कोणत्या घरातून मुलगी येते, कोणत्या घरात जाते, पुढच्या पिढीत ती वाट तशीच राहते की उलटते, याचा तो हिशोब आहे. मामेबहीण करण्याच्या रिवाजात भाची आत्याच्याच घरी सून म्हणून जाते, म्हणजे मुली पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने जातात. आतेबहीण केली की मुलगी तिच्या आईच्या माहेरी परत येते आणि दिशा उलटते.

हा हिशोब सगळ्या देशासाठी मांडायचं काम एका मराठी बाईंनी केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. इरावती कर्वे यांचा भारतातल्या आप्तसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी गावोगावचे शब्द, रिवाज आणि जुने संस्कृत ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवले. उत्तरेत मुलगी शक्य तितक्या परक्या घरी द्यायची. गोत्र टाळायचं, अनेक ठिकाणी गावसुद्धा टाळायचं. दक्षिणेत ती शक्य तितक्या ओळखीच्या घरी द्यायची, मामाला, आत्याच्या मुलाला. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये पडतो. भाषा उत्तरेच्या कुळातली, रिवाज बरेचसे दक्षिणेचे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही हे ओळखलं. जवळच्या नात्यातलं लग्न त्यात निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर मुभा आहे.

बाप कोण, हा प्रश्न तरी रक्ताचा असेल असं वाटतं. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स १९०१-०२मध्ये निलगिरीतल्या तोडा लोकांकडे राहिले, तेव्हा तिथे एका बाईचे अनेक नवरे असत, बहुधा सख्खे भाऊ. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात एक जण तिला धनुष्यबाणाची प्रतिकृती द्यायचा. ज्याने धनुष्य दिलं तो त्या मुलाचा बाप, आणि दुसऱ्या कुणी धनुष्य देईपर्यंत पुढच्या मुलांचाही. जन्माला कारण कोण झाला, याचा शोध घेण्याची कुणाला गरज वाटत नसे.

पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिआंड बेटांवर याहून मोठा धक्का बसतो. ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे तंबू ठोकून राहिला आणि तिथली भाषा बोलू लागला. तिथे वंश आईकडून चालतो. मुलाला जमीन आणि मान मामाकडून मिळतो, शिस्तही मामाच लावतो. बाप म्हणजे लाड करणारा माणूस. त्याला 'तमा' म्हणतात. पण आत्याच्या मुलालाही 'तमा'च म्हणतात! आपल्याहून लहान आतेभावाला 'बाबा' म्हणायचं हे विचित्र वाटेल, पण वंश आईकडून मोजा आणि पुन्हा बघा. बाप आणि त्याच्या बहिणीचा मुलगा एकाच वंशाचे आहेत. शब्द पिढी सांगत नाही, घराणं सांगतो.

आता आपल्याच घरातलं एक कोडं. जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणते. हे सरळ आहे. मामाची मुलगी करायची रीत असेल, तर सुनेची सासू तिची आत्याच असणार. पण सासऱ्याला 'मामंजी' का? तो तर आत्याचा नवरा. आणि मामाच्याच घरी सून म्हणून जायचं, तर मुलाने आतेबहीण केल्यासारखं होईल, जे आपण टाळतो.

कन्नडमध्ये मामाही 'माव' आणि सासराही 'माव', आत्याही 'अत्ते' आणि सासूही 'अत्ते'. तमिळमध्ये तर मामा, सासरा आणि आत्याचा नवरा तिघेही 'मामा'. आपल्याकडेही काही घरांत आत्याच्या यजमानांना 'मामा' म्हणतात, काही घरांत 'काका', काहींत 'आतोबा'. मामा आणि आत्याचा नवरा हा एकच माणूस केव्हा असतो? वडिलांच्या बहिणीचं लग्न आईच्या भावाशी झालं असेल तेव्हा. म्हणजे साटंलोटं. याचा अर्थ पूर्वी सगळीकडे साटंलोटंच होतं असा नव्हे. शब्दावरून इतिहास बांधायची घाई मॉर्गनला नडली होती. पण सोलापूरच्या त्या मुलीला आम्ही आजी एकदाच काढायला सांगितली, दोन रेघा जोडून, आणि शेजारी लिहायला सांगितलं की तिची आई आपल्या सासूला काय म्हणते. ती संध्याकाळी घरी फोन करून विचारून आली. आई म्हणाली, "आत्याबाई कशाला म्हणू? ती माझी आजीच आहे. आजीच म्हणते."