ग्राफाइटचा हात आणि ग्राफीनची साय

बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या साच्याला ग्राफाइटचा हात देतात. ब्रश फिरला की साचा काळाकुळकुळीत होतो, वितळलेलं लोखंड वाळूला धरत नाही, कास्टिंग गुळगुळीत निघतं. म्हणून चांदीच्या नॅनोकणांवर ग्राफीन चढवतात असं ऐकलं की इथली पोरं म्हणतात, "म्हणजे आपलाच काळा पेंट की ओ!"

तसं नाही. कार्बन तोच, अणूंची षटकोनी जाळीही तीच. पण ग्राफाइट म्हणजे जाळ्यांची चळत. मिलिमीटरभर जाडीत सुमारे ३० लाख थर. ग्राफीन म्हणजे त्यातला एकच. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत तो सुटा केला आणि २०१० चं नोबेल मिळवलं.

सगळी गंमत त्या एकाच थरात आहे. चांदीच्या नॅनोरचनेवर लेझर पडला की प्रकाश पृष्ठभागाशी एकवटतो आणि तिथे चिकटलेल्या रेणूचा क्षीण रामन संकेत (रेणूवरून विखुरताना रंग किंचित बदललेला प्रकाश, रेणूची जणू बोटांची खूण) लाखो पटींनी वाढतो. भाजीवरच्या कीटकनाशकाचा अंशही मग ओळखू येतो. पण ही ताकद पृष्ठभागापासून जेमतेम काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) पोचते. ब्रशने जाड हात दिला तर संपलंच. ग्राफीनचा थर मात्र फक्त २.३ टक्के प्रकाश अडवतो.

मग तो लावायचाच कशाला? बाळाचे चांदीचे वाळे आठवा. हवेतल्या गंधकाने काळे पडतात, घासले की उजळतात. नॅनोरचना घासता येत नाही. ती काळवंडली की संकेत बसतो. अखंड ग्राफीनमधून हेलियमसुद्धा आरपार जात नाही, तिथे गंधकाचं काय चालणार? चांदी टिकते.

अट एकच, 'अखंड'. कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट शिजवू नये हे घरोघरी ठाऊक आहे. इथे धोका त्याहून मोठा: ग्राफीन विजेचं वाहक असल्याने, फाटल्या जागी ते खालच्या धातूचं गंजणं उलट वाढवू शकतं. तांब्यावर हे दिसलेलं आहे.

आणि बाजारात ग्राफीन म्हणून मिळणारी पावडर तपासली, तर बऱ्याचदा बारीक ग्राफाइटच निघते. म्हणून नावावर जाऊ नका, रामनचा आलेख मागा. आलेखाच्या आडव्या पट्टीवर २७०० प्रति सेंटीमीटरजवळ (हे रामनचं एकक) एकच उंच, निमुळतं शिखर दिसलं तर एकच थर असण्याची शक्यता मोठी. ग्राफाइटचं शिखर तिथे रुंद आणि खांदा असलेलं असतं. मग १३५० कडे बघा. तिथेही शिखर वर आलं असेल, तर जाळीत खोट आहे.