क्लीनरूममधील आम्लांची सुरक्षित हाताळणी

सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक रचना घडविणाऱ्या धूलिमुक्त प्रयोगशाळेला क्लीनरूम म्हणतात. वेफर धुणे, त्यावरील ऑक्साइडचा थर काढणे, धातू किंवा सिलिकॉन ठरावीक जागी कोरणे यांपैकी एकही काम तेथे तीव्र आम्लांवाचून सहसा होत नाही. वर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीत बसविलेली आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली वेफर धुण्याची पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. तिच्यात अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या गरम द्रावणात धुणे, मग बहुधा विरल हायड्रोफ्ल्युओरिक आम्लात बुडविणे आणि शेवटी हायड्रोक्लोरिक आम्ल व पेरॉक्साइड यांच्या गरम द्रावणात धुणे असा क्रम असतो. पवईच्या आयआयटी मुंबईतील क्लीनरूमसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना ही कामे स्वतःच्या हातांनी करावी लागतात.

क्लीनरूमची सारी मांडणी माणसापासून वेफरचे रक्षण व्हावे म्हणून केलेली असते, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात उशिरा येते. नखशिखान्त झाकणारा पांढरा पोशाख, तोंडावरची पट्टी आणि नायट्राइल या कृत्रिम रबराचे पातळ हातमोजे यांमुळे अंगावरचे कण वेफरवर पडत नाहीत. आम्लाला मात्र त्यांपैकी काहीही फार वेळ अडवू शकत नाही. म्हणून आम्लाच्या कामासाठी या पोशाखावर आम्लरोधक अ‍ॅप्रन, संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल, तिच्या आत चष्मा आणि निओप्रीन या कृत्रिम रबराचे जाड, कोपरापर्यंत पोहोचणारे हातमोजे असा दुसरा साज चढवावा लागतो. काम वेट बेंचवर, म्हणजे बाष्प खेचून घेणाऱ्या ओट्यावर, डोके आत न घालता करतात.

या आम्लांत हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाचे स्थान वेगळे आहे. रसायनशास्त्राच्या व्याख्येनुसार ते सौम्य आम्ल आहे, कारण पाण्यात त्याच्या रेणूंचे विघटन थोडेच होते. पण नेमके हेच अविघटित रेणू त्वचेतून सहज आत शिरतात आणि तेथे सुटणारे फ्लुओराइड आयन ऊतकांतील व रक्तातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकतात. त्यामुळे खोलवरचे ऊतक मरतात, हाडांना इजा होते आणि रक्तातील कॅल्शियम घसरल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही येऊ शकतो. सल्फ्यूरिक आम्ल पडल्याचे कातडीच सांगते. येथे मात्र द्रावण २० टक्क्यांहून कमी तीव्र असल्यास वेदना २४ तासांपर्यंतही जाणवत नाही. दिसायला ते पाण्यासारखेच असल्याने बेंचवर आढळलेला कोणताही थेंब आम्लाचाच आहे असे धरून पुसण्याची शिस्त पाळली जाते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९९४ मध्ये एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या मांडीवर ७० टक्के तीव्रतेचे हे आम्ल सांडले. शरीराचा सुमारे ९ टक्के भागच भाजला होता. तरीही पुढे त्याचा पाय कापावा लागला आणि १५ दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हातांत मोजे होते, परंतु मांडी झाकणारा अ‍ॅप्रन नव्हता, आणि फ्लुओराइडला बांधून ठेवणारे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेलही तेथे ठेवलेले नव्हते.

हे जेल, बहुधा २.५ टक्क्यांचे, बेंचच्या हाताशी आणि मुदतीच्या आत असणे ही काम सुरू करण्याची पूर्वअट मानली जाते. अपघात होताच दूषित कपडे उतरवून त्वचा भरपूर पाण्याने धुतात. जेल जवळ असल्यास सुमारे ५ मिनिटे धुणे पुरते, नसल्यास किमान १५ मिनिटे. त्यानंतर जेल चोळत राहून रुग्णाला, वेदना असो वा नसो, इस्पितळात नेतात आणि कोणते आम्ल किती तीव्रतेचे होते हे डॉक्टरांना सांगतात. डोळ्यांत हे जेल घालावयाचे नसते. तेथे पाण्याची धार आणि तातडीचा वैद्यकीय उपचार हाच मार्ग. एकट्याने काम करण्यास मनाई असते ती याचसाठी, कारण आम्ल डोळ्यांत गेलेल्या माणसाला आय-वॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुण्याच्या नळापर्यंत, नेण्यासाठी दुसरे कोणी लागते.

दुसरे धोक्याचे द्रावण म्हणजे पिरान्हा. सल्फ्यूरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ३ : १ प्रमाणात मिसळले की ते आपोआप १०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. पेरॉक्साइड नेहमी आम्लात सावकाश ओततात, उलट कधीच नाही. अ‍ॅसिटोनसारखा सेंद्रिय द्रव त्यात गेल्यास स्फोट होऊ शकतो, त्यामुळे असे सेंद्रिय द्रव (द्रावक) आणि आम्ले यांचे बेंच वेगवेगळे ठेवतात. भांड्यांचा नियमही दोन्ही द्रावणांसाठी उलटा आहे : गरम पिरान्हा काचेच्या भांड्यात करतात, तर हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल काचच विरघळवत असल्याने त्याला टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचेच भांडे चालते. एका बेंचवरची सवय दुसऱ्या बेंचवर नेणे येथे महागात पडते.

वापरून झालेल्या पिरान्हातून बराच वेळ वायू सुटत राहतो. ते द्रावण पूर्ण थंड होऊ देऊन मगच टाकाऊ द्रवाच्या बाटलीत ओततात आणि त्या बाटलीला वायू बाहेर जाऊ देणारे झाकण लावतात. घट्ट बंद बाटल्या फुटल्याचे प्रकार प्रयोगशाळांत घडलेले आहेत. हायड्रोफ्ल्युओरिक आम्लाचा टाकाऊ द्रव स्वतंत्र प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, नाव व तारीख लिहून साठवितात. पुढे चुन्याची प्रक्रिया करून त्यातील फ्लुओराइड अविद्राव्य कॅल्शियम फ्लुओराइडच्या रूपात वेगळे काढले जाते.