मेदाम्ल चयापचय, कर्कपेशींतील

कर्कपेशी ऊर्जेसाठी व वाढीसाठी मेदाम्लांचे जे विघटन आणि संश्लेषण करतात, त्यांना मिळून दिलेली संज्ञा. ऑक्सिजन असतानाही कर्करोगाच्या गाठी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ख यांनी 1920 च्या दशकात दाखवले. यामागे तंतुकणिकांतील (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांतील, मायटोकाँड्रियांतील) बिघाड असावा, हे त्यांचे मत आता मागे पडले आहे. बहुतेक कर्कपेशींत तंतुकणिका चालू असतात आणि मेद तेथेच जळतो. ‘साखर बंद केली तं गाठ सुकन का जी?’ हा नागपूरकडच्या रुग्णांच्या नातेवाइकांचा कळकळीचा प्रश्न याच ठिकाणी अडतो. गाठीला दुसरे इंधन उपलब्ध असते.

मेदाम्ल दोन-दोन कार्बनांनी तुटते, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ गेओर्ग क्नूप यांनी 1904 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडले. कार्निटीन पामिटॉइलट्रान्सफरेज-1 हे विकर (एन्झाइम) लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेत जाण्याची वाट देते. 16 कार्बनांच्या पामिटिक आम्लाच्या 7 फेऱ्या होऊन दोन कार्बनांचे तुकडे वाहणारे 8 ॲसिटिल-कोए रेणू मिळतात. निव्वळ प्राप्ती जुन्या ग्रंथांत 129 एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रेणू) दिलेली आढळते. 106 हा सुधारित आकडा अधिक ग्राह्य. ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 ते 32 मिळतात.

खरा पेच पुढे आहे. अनेक गाठी मेदाम्ले स्वतः तयारही करतात आणि त्या वाटेवर तयार होणारे मॅलोनिल-कोए हे संयुग कार्निटीन पामिटॉइलट्रान्सफरेज-1 ला रोखते, म्हणजे मेद जाळण्याची वाट बंद करते. मग एकाच गाठीत दोन्ही कसे? काहींच्या मते ही कामे वेगवेगळ्या पेशी करतात. काहींच्या मते एकच पेशी पाळी बदलते. दुसरे मत अधिक पटते, कारण ग्लुकोजचा तुटवडा पडला की पेशीतील ऊर्जेची टंचाई ओळखणारे एएमपीके विकर जागे होते, मॅलोनिल-कोए घटते आणि दार उघडते. पहिली शक्यता मात्र त्याने बाद होत नाही.

विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटून गालफडात धरतात. गालाच्या त्वचेखाली, स्नायूलगत मेदाची गादी असते. तोंडाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी शरीरात पसरतात, त्यांच्यावर मेदाम्ले आत घेणारे सीडी36 हे प्रथिन ठळक असते, असे उंदरांत मानवी गाठी रुजवून केलेल्या प्रयोगांत दिसले. बीजांडकोशाच्या कर्करोगपेशी पोटातील वपाजालातून (आतड्यांवरील मेदयुक्त पडद्यातून) मेद घेतात. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगातही मेदावर भर दिसतो.

एटोमॉक्सिर हे औषध कार्निटीन पामिटॉइलट्रान्सफरेज-1 ला रोखते. जास्त मात्रेत ते तंतुकणिकेतील श्वसनसाखळीच्या (एटीपी बनवण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेच्या) पहिल्या संकुलालाही बाधते, त्यामुळे अशा मात्रेचे जुने निष्कर्ष जपून वाचावेत. हृदयविकारातील त्याची चाचणी यकृतावरील परिणामांमुळे थांबवावी लागली.