कर्ट फ्लडची बदली आणि १९७२चा निकाल

अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लडचं नाव निघालं की लोक थेट त्याच्या बदलीच्या खटल्यात शिरतात, त्याचा खेळ राहूनच जातो. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा हा सेंटर फील्डर (मैदानाच्या मागच्या मधल्या भागातला क्षेत्ररक्षक) १९६३ ते १९६९ सलग सात वेळा गोल्ड ग्लव्ह या क्षेत्ररक्षणाच्या पुरस्काराचा मानकरी होता. १९६६च्या अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर एकही एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूक, नाही. १९६८च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, निर्णायक सामन्यात मात्र डेट्रॉइटच्या एका उंच फटक्यावर तो आधी पुढे सरकला, मागे वळताना पाय घसरला आणि चेंडू डोक्यावरून गेला. ती मालिका हातची गेली.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे धाडण्यात आलं, सात खेळाडूंच्या अदलाबदलीत. बारा मोसम एका संघाकडून खेळलेल्या माणसाला कुणी विचारलंही नाही. विचारण्याची गरजच नव्हती, कारण करारातलं रिझर्व्ह क्लॉज हे कलम. करार संपला की संघ तो एकतर्फी एक वर्षाने वाढवू शकत असे. वाढवलेल्या करारात हे कलमही आलंच, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाढवा, असा मालकांचा अर्थ. ९० हजार डॉलर कमावणाऱ्याने कुरकुर कसली करायची, असंही तेव्हा ऐकवलं गेलं. २४ डिसेंबर १९६९ला त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिलं: मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही.

मग हे कलम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही म्हणून त्याने खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फ्लड ५-३ असा हरला. यातली गंमत (गंमतच म्हणायची) अशी: १९२२च्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली, कारण तो कायदा आंतरराज्य व्यापाराला लागू होतो आणि सामने भरवणं हा तसा व्यापार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. १९५३ला ती सूट कायम राहिली. बॉक्सिंग आणि अमेरिकन फुटबॉलला मात्र नाकारली गेली. १९७२ला न्यायालयाने मान्य केलं की बेसबॉल आंतरराज्य व्यापारच आहे आणि ही सूट विसंगत आहे. तरीही बदल करायचा तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, करावा, म्हणून हात झटकले. निकालाच्या सुरुवातीला जुन्या खेळाडूंच्या नावांची लांबलचक जंत्री आहे. बहुमतातल्या दोघा न्यायमूर्तींनी त्या भागावर सही केली नाही. आणखी एक न्यायमूर्ती खटल्यातून बाजूला झाले, कारण संघाची मालकी असलेल्या बिअर कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते. त्याआधी खालच्या न्यायालयातल्या सुनावणीत साक्षीला माजी खेळाडू आले, पण तेव्हा खेळणारा एकही नाही.

फ्लड १९७०भर घरी बसला. १९७१ला वॉशिंग्टनच्या संघाकडून १३ सामने खेळून निघून गेला.

१९७३पासून दहा वर्षं लीगमध्ये आणि शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला बदली नाकारता येऊ लागली. डिसेंबर १९७५मध्ये दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंच्या) प्रकरणात लवादाने रिझर्व्ह क्लॉज एकाच वर्षापुरतं ठरवलं आणि फ्री एजन्सीचा, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाशी करार करण्याचा, रस्ता खुला झाला. कोर्टाने नाकारलेलं लवादाने दिलं. फ्लड १९९७च्या जानेवारीत गेला. १९९८ला काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा केला, पण त्याने सूट उठली ती मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या, खेळाडूंच्या नोकरीपुरती. मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या स्पर्धा) आणि संघांची स्थलांतरं या कायद्यातून वगळलेलीच राहिली.