फर्स्ट कंडिशनल

फर्स्ट कंडिशनल : इंग्रजीतील जर-तरच्या वाक्यांचा एक प्रकार. पुढे घडण्याजोगी अट आणि ती पुरी झाल्यास होणारा परिणाम त्यात सांगितलेला असतो. अटीच्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’ व मूळ क्रियापद, ही त्याची नेहमीची घडण : ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे ॲट होम.’ ताकीद, वचन, सौदा यांत तो सर्रास येतो. ‘विल’च्या जागी ‘कॅन’, ‘मे’ किंवा आज्ञार्थी क्रियापदही चालते.

झीरो (नेहमीच खरी ठरणारी अट), फर्स्ट, सेकंड (कल्पित किंवा दूरची अट), थर्ड (भूतकाळात पुरी न झालेली अट) ही क्रमवारी विसाव्या शतकातील इंग्रजी-अध्यापनाच्या पुस्तकांतून रूढ झाली. वर्णनात्मक, म्हणजे भाषा प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते नोंदवणाऱ्या, व्याकरणांना ती फारशी मान्य नाही. व्याकरणकार क्वर्क व सहकाऱ्यांनी (१९८५) खुली अट (पुरी होईल की नाही हे मोकळे ठेवणारी) व काल्पनिक अट असे दोनच मुख्य वर्ग मानले. हडलस्टन व पुलम (२००२) यांनीही खुली व दूरस्थ अशी दुहेरी विभागणी केली. दोन्हींत फर्स्ट कंडिशनल हा खुल्या अटीचा केवळ एक, पण फार वापरातला, नमुना ठरतो. दुहेरी विभागणीच अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘इफ ही लेफ्ट ॲट नून, ही विल बी हिअर सून’ यांसारखी अगदी शुद्ध वाक्ये क्रमवारीच्या कोणत्याच खणात बसत नाहीत.

अटीत वर्तमानकाळ कसा आला, हा वेगळा प्रश्न. जुन्या इंग्रजीत आणि त्यानंतरही बराच काळ अशा अटीत पुष्कळदा संशयार्थी (सब्जंक्टिव्ह) रूप येई. १६११ च्या अधिकृत बायबल भाषांतरातील ‘इफ इट बी पॉसिबल’ (मत्तय २६:३९) हे त्याचे परिचित उदाहरण. सतराव्या शतकानंतर हे रूप हळूहळू मागे पडून साधा वर्तमानकाळ स्थिरावला, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल.

अटीत ‘विल’ का येत नाही, याचे उत्तर ‘विल’कडे कसे पाहावे यावर अवलंबून आहे. परंपरागत व्याकरण त्याला भविष्यकाळाचे चिन्ह मानते. मग अटीतला वर्तमानकाळ हा निव्वळ अपवाद होतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन, क्वर्क, हडलस्टन-पुलम यांच्या मते इंग्रजीला रूपसिद्ध, म्हणजे क्रियापदाच्या रूपातूनच दिसणारा, भविष्यकाळ नाही. त्यांच्या मताने पाहिले की अपवाद उरत नाही : ‘विल’ भाकीत वर्तवते, आणि अटीत वक्ता भाकीत करत नसून केवळ गृहीत धरत असतो. अटीत ‘विल’ येते ते दुसऱ्या अर्थाने. ‘इफ यू विल वेट’ यात राजीपणा आहे. ‘इफ इट विल हेल्प, आय विल कम’ यात मदत हा येण्याचाच परिणाम आहे. ‘व्हेन’, ‘अन्टिल’, ‘ॲज सून ॲज’ यांच्यामागेही हाच नियम लागू असल्याने तो एकदा नीट समजावून देणे फार मोलाचे ठरते.

मराठी भाषकाला ही रचना अडते ती नेमक्या ठिकाणी. ‘पाऊस पडला तर मी घरीच थांबेन’ यात ‘पडला’ रूपाने भूतकाळी आहे. म्हणून ‘इफ इट रेन्ड, आय विल स्टे’ असे वाक्य तयार होते. मराठीत हे रूप केवळ भूतकाळाचे नसून क्रिया पूर्ण झाल्याचेही दर्शक आहे, मग ती पुढे व्हायची का असेना. हाक मारल्यावर आतून ‘आलोच!’ असे उत्तर येते, तेव्हा येणे अजून व्हायचेच असते. इंग्रजी भूतकाळाने मात्र भविष्यातली अट एकदम दूरची, सेकंड कंडिशनलची होते. दुसरी चूक ‘पाऊस पडणार असेल तर’ या धाटणीतून येते : ‘इफ इट विल रेन’. तिसरी जोडशब्दांची. मराठीत ‘जर’ बहुधा गळते आणि ‘तर’ टिकते. इंग्रजीत ‘इफ’ सहसा गाळता येत नाही, ‘देन’ मात्र सहज गळते. त्यामुळे दर वाक्यात ‘देन’ घालणारा विद्यार्थी व्याकरणात चुकत नाही, पण त्याचे वाक्य जड होते. अट मागे गेली, उदा., ‘आय विल स्टे ॲट होम इफ इट रेन्स’, की ‘देन’ला जागाच राहत नाही आणि लेखनात स्वल्पविरामही बहुधा जातो.

शालेय मराठी व्याकरणातील संकेतार्थाशी फर्स्ट कंडिशनलची जोडी लावणे टाळावे. ‘पाऊस पडता तर पीक आले असते’ यातील अट पुरी न झालेली असते. इंग्रजीत तिचे स्थान थर्ड कंडिशनलमध्ये आहे.

युरोपीय भाषा-पातळ्यांच्या चौकटीनुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत ही रचना साधारणपणे ए२ ते बी१ (प्राथमिक ते मध्यम) या टप्प्यांवर शिकवतात. एकाच्या वाक्यातला परिणाम दुसऱ्याने अट म्हणून उचलायचा, हा साखळीचा तोंडी सराव वर्गात प्रचलित आहे : ‘इफ आय मिस द बस, आय विल बी लेट’, ‘इफ आय ॲम लेट...’. यात ‘विल बी’चे ‘ॲम’ दर वेळी बोलता बोलता करावे लागते. बोलण्यात ‘आय विल’चे ‘आय्ल’ होते आणि शेवटचा ‘ल’ नवशिक्याच्या कानातून निसटतो. म्हणून हा सराव लेखी घेण्याआधी ऐकवून घेणे इष्ट.